एसएमपीएसचा फॅन घरघर करतोय? बदलता येतो, पण डबा उघडायच्या आधी हे समजून घ्या

जानेवारीतली गोष्ट. निफाडचा पारा ५-६ वर गेलेला, नाशिकमध्येही सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नव्हता, तेव्हा सिडकोतून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, पीसी चालू केला की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येतो, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप कमी होतो, पण तोपर्यंत आई ओरडत असते की बंद कर ते." ती बारावीला आहे, पहाटे साडेपाचला उठून लेक्चर बघते, घरातले सगळे झोपलेले आणि त्यात ही घरघर. मी अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मोटरी, पॅनल, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी यंत्रं) हेच रोजचं काम, त्यामुळे फोनवरच अंदाज आला की थंड असताना आवाज आणि गरम झाल्यावर कमी म्हणजे बेअरिंगच्या तेलाची भानगड आहे. पण टेबल फॅनला तेल सोडणं वेगळं आणि कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, हात घालणं वेगळं, आणि हा फरक माहीत नसताना लोक दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून डबा उघडतात याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आवाज नक्की कुठून येतोय ते शोधा. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवर एक फॅन असतो, मागच्या बाजूला एक, ग्राफिक कार्ड असेल तर त्याच्यावर एक-दोन, आणि एसएमपीएसचा स्वतःचा एक, आणि पत्र्याचा डबा असल्यामुळे आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. कंपनीत आम्ही मोटरच्या बेअरिंगवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतो, इथं तसं करू नका, वहीचा कागद नळीसारखा गुंडाळा, एक टोक कानाला आणि दुसरं टोक एकेका फॅनजवळ न्या, लगेच कळतं. टक टक टक असा एकसारखा आवाज असेल तर बहुतेक वेळा एखादी वायर पात्याला लागत असते, ती बाजूला बांधली की काम झालं. चीं असा बारीक आवाज असेल आणि गेम लावला की बदलत असेल तर तो फॅन नाहीच, ती आतल्या कॉइलची कंपनं असतात, फॅन बदलून ती जाणार नाहीत. घरघर, खरखर, गुरगुर असेल तर मग बेअरिंग. आणि हो, काही महागड्या एसएमपीएसमध्ये लोड कमी असताना फॅन मुद्दाम बंदच राहतो, तो फिरत नाही म्हणून खराब झाला असं समजू नका.

आता हा फॅन इतका महत्त्वाचा का ते बघू. एसएमपीएस आपल्या २३० व्होल्टच्या लाइनमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवतो, आणि ते बनवताना थोडी वीज उष्णतेत जाते. समजा पीसीला ३०० वॉट लागतायत आणि एसएमपीएसची एफिशियन्सी ८० टक्के आहे, तर तो भिंतीवरच्या बोर्डातून ३७५ वॉट खेचतो आणि मधले ७५ वॉट त्या डब्यात उष्णता म्हणून राहतात. पूर्वीचा ६० वॉटचा पिवळा बल्ब किती तापायचा आठवा, त्याच्यापेक्षा जास्त उष्णता एका टिफिनएवढ्या बंद डब्यात. ती बाहेर काढायला हा एकच फॅन. आत जे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात ना, वीज साठवणारे ते उभे छोटे डबे, त्यांचा ठोकताळा असा आहे की तापमान १० डिग्रीनं वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे फॅन अडखळायला लागला की कपॅसिटर म्हातारे व्हायला लागतात, मग डोकं फुगतं, व्होल्टेज डगमगतं, पीसी मध्येच रिस्टार्ट होतो, आणि आपण बिचाऱ्या विंडोजला दोष देत बसतो. नाशिकची थंडी सगळ्यांना माहीत आहे पण एप्रिल-मेमध्ये इथंही पारा ४० च्या पुढे जातो, जानेवारीत नुसता आवाज करणारा फॅन मे महिन्यात एसएमपीएसच घेऊन जातो.

फॅन आवाज का करतो? स्वस्तातल्या फॅनमध्ये बुश असतं. कांस्याची भुकटी दाबून केलेली छोटी नळी, ती स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि तिच्यात तेल मुरवलेलं असतं, त्या तेलाच्या पातळ थरावर शाफ्ट फिरतो. तेल सुकलं की धातूवर धातू घासतो, भोक मोठं होतं, शाफ्ट हलायला लागतो आणि घरघर सुरू. त्यात एसएमपीएसचा १२० एमएमचा फॅन आडवा पडलेला असतो, पाती वर किंवा खाली तोंड करून, आणि आडव्या अवस्थेत बुश लवकर झिजतं. बॉल बेअरिंगचा फॅन पहिल्या दिवसापासून थोडा गुणगुणतो पण उष्णता चांगली सोसतो आणि जास्त टिकतो. तिसरा प्रकार फ्लुइड डायनॅमिक, म्हणजे बुशच पण आत बारीक खाचा असलेलं, त्या खाचांमुळे तेल जागेवर राहतं, हा शांतही असतो आणि टिकाऊही, फक्त पैसे जास्त. माझं मत विचाराल तर एसएमपीएससाठी साधा बुशवाला परत बसवू नका, एवढा व्याप करून दोन वर्षांनी पुन्हा तेच करायचं कशाला.

आणि धूळ. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे निम्म्या शहरात रस्ते खोदलेत, खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं, तीच धूळ एसएमपीएस आत ओढतो. ती पात्यांवर एकसारखी बसत नाही, एका पात्यावर जास्त बसली की बॅलन्स बिघडतो आणि बेअरिंगवर ताण येतो. एसएमपीएस खालच्या बाजूला असलेलं कॅबिनेट फरशीवर ठेवलं असेल तर अजूनच, त्याला निदान चार बोटं उंचीचा लाकडी स्टँड करा.

भाचीच्या पीसीचं निदान मात्र मला पुढे बदलावं लागलं. फॅन हातात आल्यावर मधल्या स्टिकरखाली बोट लावलं तर पांढरट चिकट काहीतरी, आणि वास आला खोबरेल तेलाचा. ताईला विचारलं तर म्हणाली, मे महिन्यात सर्व्हिसिंगला एक जण आला होता, त्यानंच काहीतरी तेल टाकलं आणि आवाज लगेच थांबला होता. थांबणारच, मे महिन्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ असतं. पण २४ डिग्रीच्या आसपास ते गोठतं, थंडीत आपल्या बाथरूममधली बाटली उन्हात ठेवावी लागते तसंच ते बुशमध्ये गोठत होतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत एसएमपीएस तापला की वितळून आवाज कमी होत होता. शिवाय खाण्याची तेलं उष्णतेत हळूहळू चिकट होतात, डिंकासारखी. गंज सोडवायला मारतात तो स्प्रेही नको, तो पातळ असतो, उडून जातो आणि जाताना उरलंसुरलं तेल धुऊन नेतो. टाकायचंच असेल तर शिलाई मशीनचं तेल, एक-दोन थेंब, तेसुद्धा तात्पुरतं, कारण झिजून मोठं झालेलं भोक तेलानं लहान होत नाही. म्हणून मी फॅनच बदलायचं ठरवलं.

पण बदलायचा की नाही हेही आधी ठरवा. वॉरंटी चालू असेल तर अजिबात उघडू नका, स्क्रूवर जे स्टिकर असतं ते फाटलं की वॉरंटी संपली, आणि चांगल्या एसएमपीएसला ३, ५, काहींना तर १० वर्षांची वॉरंटी असते, बिल शोधा. दुसरं, कॅबिनेटसोबत फुकट आलेला हलका एसएमपीएस असेल आणि पाच-सात वर्षं चाललेला असेल तर त्याच्यावर मेहनत घेऊ नका, नवीन चांगला घ्या. जाळीतून टॉर्च मारून बघा, कपॅसिटरची डोकी फुगलेली किंवा तपकिरी काही गळलेलं दिसलं, जळका वास आला, तर विषय संपला. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आहे, वॉरंटी संपलीय आणि फक्त फॅन खराब आहे, अशा वेळीच हा उद्योग करण्यात अर्थ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं घाई करू नका.

आपल्या घरातले २३० व्होल्ट एसी एसएमपीएसमध्ये शिरले की आधी डीसी होतात आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. २३० हा एसीचा परिणामकारक (आरएमएस) आकडा, त्याचं शिखर २३० गुणिले १.४१४ म्हणजे जवळपास ३२५ व्होल्ट, तेवढे डीसी त्या कपॅसिटरवर असतात. ज्यांच्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, आणि आजकालच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये असतं, तिथं हा आकडा ३८० ते ४०० वर जातो. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरलेला असेल तर त्यात साधारण १७ जूल ऊर्जा असते, पावणेदोन मीटरवरून किलोभर वजन पडलं तर जेवढा दणका बसेल तेवढी, आणि ती एका क्षणात तुमच्या हातातून जाते. प्लग काढला तरी हा चार्ज तसाच राहू शकतो, मुख्य मुद्दा हाच आहे. आमच्या ड्राइव्हवर लिहिलेलंच असतं की सप्लाय बंद केल्यावर इतकी मिनिटं थांबा आणि मगच कव्हर काढा, नवीन पोराला पॅनलसमोर उभं करून आम्ही हे पहिलं शिकवतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस म्हणजे त्याचाच लहान भाऊ, पण घरात थांबा म्हणून सांगायला कुणी नसतं.

यात एक गोष्ट उलटी आहे ती लक्षात घ्या. चालू असलेला एसएमपीएस प्लग काढल्यावर स्वतःच बराचसा चार्ज खाऊन टाकतो, कारण आतलं स्टँडबाय सर्किट थोडा वेळ चालत राहतं. पण जो बंद पडलाय, मेलाय असं आपण म्हणतो, त्याच्यात तो चार्ज खायला कुणी नसतं, त्यामुळे मेलेला एसएमपीएस चालू एसएमपीएसपेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. बंद पडलेला डबा कुतूहल म्हणून उघडणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं बसवून घ्या.

तर क्रम असा. पीसी शटडाउन करा, एसएमपीएसमागचा स्विच अजून चालूच ठेवा, आणि बोर्डातून प्लगच बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण जुन्या घरांत कधी कधी वायरिंग उलटं असतं आणि स्विच न्यूट्रलवर असतो, म्हणजे बटण बंद असून फेज आत पोचलेला. प्लग काढला की कॅबिनेटचं पॉवर बटण दोन-चारदा दाबून धरा, कधी कधी फॅन किंचित हलतो, तो उरलेला चार्ज निघतोय. मग सगळ्या वायरी सोडवा, मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस बाहेर घ्या आणि रात्रभर तसाच ठेवा. खरंच रात्रभर. पेपर उद्या आहे वगैरे असेल तर हे काम आज काढूच नका. रेपेअरवाले होल्डरमधल्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी टेकवून चार्ज उतरवतात आणि मग मीटरनं बघतात, ते त्यांना सवयीनं जमतं. स्क्रू ड्रायव्हरनं कपॅसिटरचे दोन पाय शॉर्ट करायचा प्रकार मात्र कुणीच करू नये, ठिणगी उडते, पट्टी जळते, डोळ्यात कण जातो.

कव्हर काढल्यावर चांगली बातमी अशी की फॅन बदलायला सर्किटला हात लावायची बहुतेक वेळा गरजच पडत नाही. फॅन वरच्या झाकणाला चार स्क्रूंनी लावलेला असतो आणि त्याची बारीक वायर आतल्या सर्किट बोर्डवर एका दोन पिनच्या कनेक्टरला जाते. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकलाही (उष्णता ओढून घेणाऱ्या पट्ट्या) हात लावू नका, काही डिझाइनमध्ये ती हाय व्होल्टेजच्या बाजूला जोडलेली असते. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, एक हात मागे ठेवून काम करायची सवय लावा, म्हणजे चुकून झटका बसलाच तरी तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जात नाही. एवढं वाचून धाकधूक होत असेल तर सरळ रेपेअरवाल्याकडे न्या, तो निर्णय चांगलाच आहे.

नवीन फॅन घेताना जुना काढून दुकानात सोबत न्या, मी एमजी रोडला तसाच घेऊन गेलो होतो. माप चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घ्यायचं, स्क्रूच्या भोकांपासून नाही, बरेच जण इथं चुकतात आणि १२० चा फॅन १०५ चा सांगून येतात, कारण भोकांमधलं अंतर १०५ एमएम असतं. जुन्या एसएमपीएसला मागे ८० एमएमचा असतो, नंतरच्यांना १२०, काहींना १३५ किंवा १४०, आणि या मोठ्या मापांत भोकांची जागा कंपनीप्रमाणे बदलते त्यामुळे डोळ्यासमोर लावूनच बघा. जाडी सहसा २५ एमएम, पण छोट्या एसएमपीएसमध्ये बारीकही असतो.

मग स्टिकर वाचा. १२ व्होल्ट तर असणारच, त्याच्याखालचे अँपियर बघा. जुन्यावर ०.३० अँपियर असेल आणि दुकानदार ०.१० चा सायलेंट फॅन देत असेल तर घेऊ नका, तो शांत आहे कारण तो हवाच कमी फेकतो, आणि एसएमपीएसला तेवढ्या हवेचा हिशोब करूनच बनवलेलं असतं. उलट फार जास्त अँपियरचा घेतला तर फॅनचा वेग सांभाळणारा आतला छोटा ट्रान्झिस्टर जळू शकतो. जुन्याच्या जवळपासचा घ्या.

अजून एक खोच, ही फारसं कुणी सांगत नाही. एसएमपीएस फॅनला कायम १२ व्होल्ट देत नाही. हीटसिंकजवळ एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा छोटा भाग असतो, त्याच्यावरून थंड असताना फॅनला चार-पाच व्होल्टच मिळतात आणि तापलं की वाढत जातात. काही फॅन एवढ्या कमी व्होल्टला सुरूच होत नाहीत, त्यांना सहा-सात लागतात, मग पीसी चालू केला की फॅन नुसता थरथरतो आणि खूप तापल्यावर अचानक फिरतो. शक्य असेल तर दुकानातच यूएसबीच्या ५ व्होल्टवर लावून फिरतोय का बघा. नाशिकच्या जानेवारीत सकाळी सहाला तो फिरायला हवा, हा निकष ठेवा.

वायर जोडताना कनेक्टर जुळला तर उत्तमच. जुळला नाही, किंवा जुनी वायर बोर्डवर थेट सोल्डर केलेली असली, तर बोर्ड बाहेर काढू नका, जुनी वायर मधोमध कापा, बोर्डच्या बाजूला दोन-तीन इंच ठेवा आणि तिथं नवीन जोडा, लाल ला लाल, काळी ला काळी, सोल्डर करून वरून हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवा. सेलोटेप नको, ती तापून सुटते. तीन वायरींचा फॅन असेल तर पिवळी सहसा वेग मोजायची असते, तिचं टोक स्लीव्ह घालून बंद करा. काही जण नवीन फॅनची वायर बाहेर काढून मदरबोर्डला लावतात, मला ते पटत नाही, मदरबोर्डला प्रोसेसरचं तापमान कळतं, एसएमपीएसच्या पोटातलं नाही.

हवेची दिशा जुना फॅन काढायच्या आधीच बघून ठेवा, पीसी चालू असताना जाळीजवळ उदबत्ती धरा, धूर आत जातो की बाहेर येतो ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १२० वाला सहसा हवा आत ढकलतो, मागचा ८० वाला बाहेर फेकतो. फॅनची ज्या बाजूला स्टिकर आणि आधाराच्या काड्या असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते, म्हणजे १२० वाल्यात स्टिकर डब्याच्या आतल्या बाजूला येतं. उलटा बसवला तर फॅन फिरताना दिसेल, आवाजही येणार नाही, आणि आत हळूहळू सगळं भाजत राहील.

जुन्या फॅनच्या अर्ध्या भागावर एक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावलेला दिसेल. तो पॅकिंगचा नाही! हवा जवळच्या जाळीतून लगेच पळून जाऊ नये, लांबच्या भागांवरून फिरून जावी म्हणून तो असतो. होता त्याच जागी परत लावा आणि पात्याला लागत नाही ना ते हातानं फिरवून बघा. धूळ मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं काढा, ब्लोअर मारताना पाती धरून ठेवा, वाऱ्यानं भन्नाट फिरवली तर फॅन जनरेटरसारखा उलटी वीज तयार करतो आणि बेअरिंगलाही ते चांगलं नाही. आणि मागे लाल रंगाचा ११५-२३० स्विच असलेला जुना एसएमपीएस असेल तर तो पुसताना २३० वरच राहिलाय याची खात्री करा, ११५ वर सरकला आणि प्लग लावला तर मोठा आवाज होऊन खेळ संपेल.

झाकण पूर्ण बंद करून, सगळे स्क्रू लावूनच प्लग लावायचा. उघडा ठेवून फक्त एकदा बघतो, असं कधीच नाही. कॅबिनेटबाहेर टेस्ट करायची असेल तर २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी एका क्लिपनं जोडली की एसएमपीएस चालू होतो, फॅन फिरतो का, हवा योग्य बाजूला जाते का, उदबत्ती परत धरून बघा. मग पीसीत बसवून तासभर चालवा, मागून येणारी हवा कोमट असायला हवी, गरमागरम नाही.

भाचीच्या पीसीला मी बॉल बेअरिंगवालाच टाकला. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "मामा, हा पण थोडा आवाज करतो का?" तेव्हा सांगितलं की अगं, ही बारीक गुणगुण त्याची कायमची आहे, ती वाढली किंवा तिच्यात खरखर आली तर मला फोन कर, तोपर्यंत लक्ष देऊ नको. आणि कंपनीत प्रत्येक मोटरवर करतो तसं एसएमपीएसच्या बाहेरच्या पत्र्यावर पांढऱ्या मार्करनं फॅन बदलल्याची तारीख लिहून ठेवली, खाली लिहिलं, तेल घालू नये.